खोडलेल्या आकड्याची साक्ष

लाटंबार्से येथील किराणा दुकान असो वा डिचोलीची घाऊक पेढी, रोजमेळ आणि खतावणी यांवरच व्यापाऱ्याची पत उभी असते. कागदी वहीत आकडा खोडला तरी खोड राहते. संगणकात मात्र आकडा बदलला की जुन्याचा मागमूसही उरत नाही. मग रक्कम जुळेना, तर संशय निरपराध दिवाणजीवर येतो.

यावर उपाय म्हणजे संगणकाने स्वतः राखलेली फेरफारांची नोंदवही, अर्थात लॉग. ‘रक्कम दुरुस्त केली’ एवढ्या मोघम वाक्याने तीत काम भागत नाही. रोजमेळाप्रमाणे तिचेही रकाने ठरलेले हवेत: तारीख व वेळ, करणाऱ्याचे नाव, बिलाचा क्रमांक, आधीची रक्कम, नंतरची रक्कम. असे असले म्हणजे हजारो नोंदींतून एका बिलाचा सारा इतिहास क्षणात हाती येतो.

हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या कंपन्यांस १ एप्रिल २०२३ पासून अशी नोंद ठेवणे नियमाने बंधनकारक झाले असून ती बंद करता येऊ नये, अशीही अट आहे. भागीदारीच्या वा एकट्या मालकाच्या पेढीस हा नियम लागू नाही. तथापि तिनेही तो स्वेच्छेने पाळावा, असे आम्हांस वाटते.

मात्र एकच परवलीचा शब्द सर्व नोकरांनी वापरला, तर ‘कोणी’ हा रकाना व्यर्थ होय. प्रत्येकास स्वतंत्र नाव व स्वतंत्र शब्द द्यावा. त्यातच मालकाचे हित आणि नोकराची अब्रू, दोन्ही सुरक्षित आहेत.