ध्रुव एकोणीस अंशांवर

तेजोमेघांचे, दीर्घिकांचे फोटो काढायचं मनात आलं की प्रत्येक जण आधी दुर्बिणीचं विचारतो. किती इंची घेऊ? माझं उत्तर ठरलेलं असतं. दुर्बीण राहू दे, पैसे माउंटला ठेव. कॅमेऱ्याला १३५ मिलिमीटरची साधी लेन्स असली तरी चालेल, तिला आकाशाबरोबर फिरवणारं यंत्र मात्र पक्कं हवं.

पृथ्वीच्या फिरण्यामुळे आकाश दर सेकंदाला १५ विकला सरकतं. या लेन्सवर नेहमीच्या डीएसएलआरचा एक पिक्सेल साधारण साडेसहा विकलांचा भरतो. म्हणजे मृगाच्या पट्ट्यातला तारा सेकंदात दोन पिक्सेल ओलांडून जातो, आणि आपल्याला एकेक फोटो हवा असतो मिनिट-दोन मिनिटांचा.

मोह पडतो तो ऑल्ट-अझिमथ माउंटचा. वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरतो, मोबाइलवरून सांगितलं की शनीकडे वळतो. गच्चीवर जमलेल्या पोरांना चंद्र दाखवायला याच्यासारखा माउंट नाही. पण फोटो काढताना तो मधला तारा धरून ठेवतो आणि बाकीचं चित्र त्या ताऱ्याभोवती गोल फिरत राहतं. आपण विषुववृत्ताच्या जितके जवळ, तितकं हे फिरणं जास्त. मृगातला तेजोमेघ आपल्याकडे दक्षिणेला ६५ अंशांपर्यंत चढतो. तिथे चित्र मिनिटाला अर्ध्या अंशाहून किंचित जास्त फिरतं. आकडा किरकोळ वाटेल, पण मध्यापासून तीन हजार पिक्सेल दूर असलेल्या कोपऱ्यात त्या मिनिटाभरात तीस पिक्सेलची रेघ उमटते. जुन्नरजवळ गिरवलीला आयुकाची दोन मीटरची दुर्बीण याच प्रकारच्या माउंटवर आहे. तिथे हे फिरणं काढून टाकायला वेगळी यंत्रणा असते, नवशिक्याच्या बजेटमध्ये ती नसते. म्हणून इक्वेटोरियल माउंटच घ्यावा. त्याचा एक अक्ष ध्रुवाकडे रोखला की एकाच मोटरवर काम भागतं.

उल्हासनगर कॅम्प ५ मध्ये खरी परीक्षा इथूनच सुरू होते. ध्रुवाची उंची आपल्या अक्षांशाएवढी, म्हणजे जेमतेम १९ अंश. समोरची इमारत आपल्या गच्चीपेक्षा दहा मीटर उंच असेल आणि तीस मीटरच्या आत असेल, तर ध्रुव तिच्यामागे गेलाच म्हणून समजा. इथे इमारती इतक्या दूर उभ्याच नसतात. शर्मिष्ठेवरून जागा हेरावी तर तिथे कुणाची तरी पाण्याची टाकी.

अशा वेळी ताऱ्याच्या सरकण्यावरून अक्ष लावावा लागतो. हे काम मला फार आवडतं. दक्षिणेला, याम्योत्तराजवळचा, खगोलीय विषुववृत्तालगतचा एक ठळक तारा लाइव्ह व्ह्यूमध्ये मोठा करून घ्यायचा आणि माउंट चालू ठेवून नुसतं बघत राहायचं. तारा हळूहळू दक्षिणेकडे घसरला तर अक्ष पूर्वेला जास्त वळलाय, उत्तरेकडे गेला तर पश्चिमेला. बाजूचा स्क्रू केसभर फिरवायचा, पुन्हा थांबायचं. मग पूर्वेला क्षितिजाकडचा तारा घ्यायचा. तो दक्षिणेला घसरला तर अक्ष खाली आहे, उत्तरेला गेला तर वर. या सगळ्यात गच्चीवर कुणी चालायला आलं की स्लॅब थरथरतो आणि पडद्यावरचा तारा उड्या मारतो. पाच मिनिटं तारा जागचा हलला नाही की समाधान वाटतं.

१९ अंशांची आणखी एक अडचण दुकानदार सहसा सांगत नाही. अक्ष इतका आडवा झाला की तोल साधणाऱ्या वजनाची दांडी जवळजवळ सरळ खाली लोंबते आणि ट्रायपॉडच्या उत्तरेकडच्या पायावर आपटते. युरोपातल्या ५० अंशांवर हा प्रश्न येत नाही. म्हणून विकत घेण्याआधीच माउंट १९ अंशांवर लावून दांडी फिरवून बघा. दिशेची खुंटी उलट बाजूला बसवून दोन पायांमधली मोकळी जागा उत्तरेला आणता येते का, नाहीतर मध्ये उंचीचा खांब घालता येतो का, हे विचारा.

मग वजन. छापील भाराच्या निम्म्यावरच फोटोसाठी भरवसा ठेवावा, हा जुना नियम मला पटतो. पण जड माउंट म्हणजे उत्तम माउंट, हे इथल्या माणसाला लागू पडत नाही. एचईक्यू-५ सारख्या चांगल्या माउंटचं नुसतं डोकं दहा किलोंच्या आसपास. वर ट्रायपॉड, पाच-पाच किलोंची वजनं, बॅटरी. कॅम्पातून आकाशगंगा दिसत नाही, त्यामुळे कधी ना कधी वांगणी गाठावी लागतेच. खगोल मंडळाची रात्रभराची आकाशदर्शनं तिथे होत आली आहेत आणि अंबरनाथहून ते दुसरंच स्टेशन. पण संध्याकाळच्या कर्जत लोकलमध्ये हे बोचकं घेऊन चढून दाखवा! जो माउंट एका माणसाला सॅकमध्ये घालून नेता येत नाही, तो महिन्याभरात पलंगाखाली जातो. म्हणून गाडी नसलेल्याला मी स्टार अ‍ॅडव्हेंचररसारखा छोटा ट्रॅकरच सुचवतो. त्याचा छापील भार पाच किलो. कॅमेरा आणि १३५ ची लेन्स त्याच्या निम्म्यात बसते. देवयानी दीर्घिका, कृत्तिका, मृगातला तेजोमेघ, ऑक्टोबर ते मार्चभर पुरेल एवढं काम यात आहे.

तेवढेही पैसे नसतील तर ट्रॅकर घरी करता येतो. फर्निचर बाजाराच्या या गावात दोन फळ्या, एक घट्ट बिजागरी आणि एम-६ चा बोल्ट मिळवायला वेळ लागत नाही. या बोल्टची एक फेरी म्हणजे एक मिलिमीटर. तो बिजागरीपासून २२८.५ मिलिमीटरवर बसवला आणि मिनिटाला एक फेरी फिरवला की फळी आकाशाच्या वेगाने उघडते. हाताने धक्के बसतात, तेव्हा मिनिटाला एक फेरी घेणारी छोटी गिअर मोटर लावावी. ५० च्या लेन्सला हे पुरेसं आहे. फक्त बिजागरीत जराही खेळ नको. दुकानातच ती हलवून बघून घ्या.