रिकाम्या आसनाचा पियानो

शिरूर तालुक्यातील मांडवगण फराट्यासारख्या गावी भजनाची पेटी साऱ्यांच्या परिचयाची असते. बोटाने पट्टी दाबावी आणि स्वर उमटावा. आता अशी कल्पना करावी की, पट्ट्या आपणहून खाली जात आहेत आणि वादकाचे आसन मात्र रिकामे आहे. स्वयंवादक पियानोत नेमके हेच घडते. यात भुताटकी काही नाही. १९०० च्या सुमारास अशा पियानोत भोके पाडलेली कागदाची गुंडाळी फिरे व हवेच्या ओढीने पट्ट्या हालत. आता गुंडाळीचे काम संगणक करतो आणि हवेचे काम विद्युच्चुंबक. यामाहाच्या डिस्क्लाव्हिअरसारखा पियानो तर कोणी वाजविले असता पट्ट्यांची हालचाल टिपूनही घेतो.

हे टिपण ज्या फाईलीत राहते तीस मिडी म्हणतात. तिचे संकेत १९८३ साली ठरले. या फाईलीत नाद मुळीच नसतो, हे प्रथम ध्यानात घ्यावे. ग्रामोफोनच्या तबकडीत नाद साठविलेला असतो. म्हणून ती जलद फिरविली की गायकाचा आवाज चढतो. मिडीत केवळ हुकूम असतात: अमुक पट्टी दाब, इतक्या वेगाने दाब, आता सोड. पियानोच्या ८८ पट्ट्यांना २१ ते १०८ हे क्रमांक. आघाताच्या पायऱ्या १ ते १२७. लय दुप्पट केली तरी स्वर केसभर हलत नाही. बोट चुकून ५९ वर पडले असेल तर पडद्यावर त्याचे ६० करावे. पियानो आपल्या तारांवर दुरुस्त स्वर वाजवून दाखवितो.

मोह येथेच होतो. सर्व आघात तालाच्या रेघेवर बसव, असे सांगितले की संगणक क्षणार्धात ते बसवितो. आणि समेपूर्वी वादकाने घेतलेला किंचित विसावा, डाव्या हाताची जरा उशिरा येणारी बोटे, सारे पुसले जाते. उरते ते निर्दोष खरे, पण कोणाचेच नव्हे. मूळ फाईलीची प्रत वेगळी ठेवून एकेक चूक हातानेच काढणे बरे.

आपल्या संगीताची अडचण निराळीच. मींड दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत असते. पेटीला ती साधत नाही, म्हणून ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीस बंदी केली. ती १९७१ साली शिथिल झाली. मिडीत स्वर वाकविण्याचा हुकूम आहे व विजेवरची वाद्ये तो पाळतात. परंतु पियानोच्या ताणून बसविलेल्या तारेपर्यंत तो पोहोचत नाही. नाट्यगीताची फाईल करणाराने मींडेच्या जागी जवळचे दोन स्वर हलक्या आघाताने लागोपाठ ठेवून पाहावेत. पेटीवाले तरी दुसरे काय करीत आले?