विश्लेषण : घरच्या सरावासाठी छोटा गिटार अ‍ॅम्प घेताना वॅट पाहायचे की इफेक्ट्स?

गिटार घेतली की काही महिन्यांत दुसरी मागणी येते, ती अ‍ॅम्पची. ऑनलाइन शोधले तर ३ वॅटच्या डबीपासून ५० वॅटच्या पेटीपर्यंत सगळेच ‘होम प्रॅक्टिस’साठी योग्य असल्याचे सांगितले जाते. सोबत इफेक्ट्सची लांबलचक यादी. पण अर्धापूरसारख्या गावात, जिथे घराच्या भिंतीला शेजाऱ्याची भिंत लागून असते आणि वीज कधी जाईल याचा नेम नसतो, तिथे या आकड्यांपेक्षा वेगळ्याच गोष्टी महत्त्वाच्या ठरतात.

आधी गिटार कोणती?

अ‍ॅम्पच्या आधी हा प्रश्न सोडवायला हवा. इलेक्ट्रिक गिटारला अ‍ॅम्प लागतोच. साध्या अकूस्टिक गिटारला पिकअप नसेल, तर तिला जोडायला जॅकच नसतो. तिथे अ‍ॅम्पचा खर्च व्यर्थ. सेमी-अकूस्टिक गिटार असेल, तर तिच्यासाठी अकूस्टिक अ‍ॅम्प वेगळा मिळतो. इलेक्ट्रिक गिटारच्या अ‍ॅम्पवर तिचा आवाज बहुधा कर्कश किंवा कोंदट येतो.

घरातला होम थिएटर किंवा ब्लूटूथ स्पीकर का चालत नाही?

इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपमधून येणारा सिग्नल फार क्षीण असतो. तो नीट घ्यायला सुमारे १० लाख ओहमचा इनपुट लागतो. होम थिएटरचा इनपुट त्याच्या कितीतरी पट कमी असतो, त्यामुळे आवाज दबका आणि निस्तेज होतो. शिवाय गिटारचा स्पीकर साधारण ५ हजार हर्ट्झच्या वरचा आवाज कापतो. साध्या स्पीकरवर तो कापला जात नाही आणि डिस्टॉर्शन लावले की चरचर ऐकू येते. ब्लूटूथमध्ये तर तार छेडल्यावर आवाज किंचित उशिरा येतो. गाणी ऐकताना हे जाणवत नाही, वाजवताना मात्र ताल चुकतो.

घरासाठी किती वॅट पुरेसे?

वॅट दहापट झाले की कानाला आवाज साधारण दुप्पटच वाटतो. म्हणजे ५० वॅटचा अ‍ॅम्प ५ वॅटच्या दहापट मोठा वाजत नाही. अनेक गिटार स्पीकर अवघ्या १ वॅटवर १ मीटर अंतरावर ९५ ते १०० डेसिबलपर्यंत आवाज देतात. साधे बोलणे ६० डेसिबलच्या आसपास असते. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे. खोलीत सरावाला ३ ते १० वॅट भरपूर झाले. मोठा अ‍ॅम्प घ्यायचाच असेल, तर शक्ती कमी करण्याची सोय आहे का ते पाहावे. बॉस कटाना ५० मध्ये अर्ध्या वॅटवर वाजवण्याची सोय आहे.

इफेक्ट्स म्हणजे नेमके काय?

रिव्हर्ब म्हणजे देवळाच्या गाभाऱ्यात ऐकू येतो तसा घुमार. डिले म्हणजे विहिरीत हाक मारल्यावर परत येणारा आवाज. कोरसमुळे एकाच वेळी दोन गिटार वाजल्यासारखे वाटते, तर डिस्टॉर्शनमुळे रॉकमधला फाटका, जाड आवाज येतो. इफेक्ट अ‍ॅम्पमध्येच बसवणे नवे नाही. फेंडरने १९६३ मध्ये व्हायब्रोव्हर्बमध्ये रिव्हर्ब दिला, रोलँडने १९७५ मध्ये जेसी-१२० मध्ये कोरस. आता हेच काम एक छोटी चिप करते, म्हणून यादी लांबते.

शिकणाऱ्याला मात्र स्वच्छ आवाज, थोडे डिस्टॉर्शन, रिव्हर्ब आणि डिले एवढेच बहुतेक वेळा लागते. खरा प्रश्न हा, की रिव्हर्ब आणि डिले एकाच वेळी लागतात का, आणि इफेक्ट बदलायला बटण आहे की फक्त मोबाइल अ‍ॅप? पॉझिटिव्ह ग्रिडच्या स्पार्क ४० मध्ये बरेचसे पर्याय अ‍ॅपमधूनच उघडतात. घरात एकच मोबाइल असेल, तर ही अडचण रोजची होते.

वीज गेली तर?

बॉस कटाना मिनी ७ वॅटचा आहे, रोलँड मायक्रो क्यूब जीएक्स ३ वॅटचा. दोन्ही ६ पेन्सिल सेलवर चालतात आणि गच्चीवरही नेता येतात. फेंडर मस्टँग एलटी२५ ला मात्र वीज लागतेच. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल, तर अ‍ॅम्पमधून गुणगुण येऊ शकते. घरच्या विजेवर गुणगुण येत असेल आणि तारांना हात लावताच ती कमी होत असेल, तर आधी प्लगचे अर्थिंग तपासून घ्यावे. तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याची युक्ती जिवावर बेतू शकते.

खरेदीपूर्वी काय तपासावे?

- हेडफोन जॅक आहे का, आणि तो लावल्यावर स्पीकर बंद होतो का? रात्रीच्या सरावासाठी ही सर्वांत महत्त्वाची सोय.
- मोबाइलवरचे गाणे सोबत वाजवता येते का?
- अ‍ॅडॅप्टर पेटीत मिळतो की वेगळा घ्यावा लागतो?
- आवाज अगदी कमी ठेवूनही तो भरीव येतो का? दुकानात मोठ्या आवाजात सगळेच अ‍ॅम्प छान वाटतात.
- ऑनलाइन घेतल्यास परत करण्याची मुदत किती, दुरुस्ती कुठे होणार?

शक्य असेल तर नांदेडला किंवा जिथे दुकान असेल तिथे स्वतःची गिटार नेऊन, आवाज घरातल्याइतकाच ठेवून १५ मिनिटे वाजवून पाहावे. तेवढ्या आवाजात जो अ‍ॅम्प गोड वाटेल तो घ्यावा, मग त्यात इफेक्ट्स ५ असोत की ५०.