इंग्रजी व्याकरणाचा नियम सांगणाऱ्याला पुरावा विचारा, पण नीट विचारा



पीएचडीला लागलात की पहिल्या वर्षभरात एक गोष्ट हमखास बघाल. कुणीतरी पेपरचा ड्राफ्ट वाचायला देतं आणि चर्चेतला अर्धा तास 'डेटा वॉज' लिहायचं की 'डेटा वर' यावर जातो. एक जण म्हणतो, डेटा अनेकवचनी. दुसरा म्हणतो, आता सगळे एकवचनीच वापरतात. तिसरा शाळेतल्या बाईंचा दाखला देतो. तेवढ्यात वेळ संपते, आणि प्रयोगाला कंट्रोल का नव्हता हे विचारायचं राहूनच जातं. ज्याने ड्राफ्ट लिहिला तो या सगळ्यात गप्प असतो. पुढच्या वेळी तो ड्राफ्ट दाखवतच नाही. खरं नुकसान हे आहे, कारण न दाखवलेल्या ड्राफ्टमधली चूक थेट रिव्ह्यूअरला सापडते.

म्हणून आजचा विषय: इंग्रजीच्या नियमांवर वाद घालायचा तर कसा घालायचा? माझं म्हणणं सोपं आहे. "असं लिहायचं नसतं" हाही एक दावाच आहे, आणि दाव्याला आपण संशोधक जे विचारतो तेच इथेही विचारायचं: पुरावा काय?

आधी बघा, नियम कुठल्या जातीचा आहे

'नियम' या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी खपून जातात.

पहिली जात भाषेच्या रचनेची. 'द रिझल्ट्स शोज' हे प्रमाण इंग्रजीत चूक आहे, जसं आपल्याला 'ती मुलगा आला' लगेच खटकतं. 'अ' आणि 'द' ही आर्टिकल्सही यातच येतात. मराठीत आर्टिकल हा प्रकारच नाही, त्यामुळे आपण इथे वारंवार अडखळतो. या चुका दुरुस्त कराव्यात, त्यात वाद घालण्यासारखं फारसं काही नसतं.

दुसरी जात जर्नलच्या शैलीची. ब्रिटिश स्पेलिंग की अमेरिकन, यादीत 'अँड'च्या आधी स्वल्पविराम द्यायचा की नाही, वगैरे. आपण गाडी डावीकडून चालवतो, अमेरिकेत उजवीकडून, तसंच हे. दोन्ही बरोबर, फक्त त्या रस्त्यावरचा नियम पाळायचा. 'डेटा'चं भांडण इथलंच आहे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची, म्हणजे एपीएची शैली डेटाला अनेकवचनी धरते, तर मेरियम-वेबस्टर शब्दकोश दोन्ही रूपं प्रमाण मानतो. म्हणजे उत्तर चर्चेत शोधायचंच नाही, जर्नलच्या सूचनांमध्ये बघायचं. दोन मिनिटांचं काम.

तिसरी जात ऐकीव नियमांची. वाक्याच्या शेवटी प्रीपोझिशन नको, 'टु' आणि क्रियापद यांच्यामध्ये शब्द घालू नका, 'बट'ने वाक्य सुरू करू नका, विज्ञानात 'वी' लिहू नका. सगळ्यात तावातावाने वाद होतात ते यांच्यावरच.

ऐकीव नियम येतात कुठून?

बऱ्याचदा एखाद्याच्या आवडीनिवडीतून. १६७२ साली जॉन ड्रायडन या कवीने आधीच्या पिढीतल्या बेन जॉन्सनच्या लेखनात वाक्याच्या शेवटी आलेल्या प्रीपोझिशनवर बोट ठेवलं. इंग्रज लोक त्याआधी कित्येक शतकं तसं लिहीत होते आणि आजही लिहितात. मोजता येणाऱ्या गोष्टींसाठी 'लेस' नको, 'फ्यूअर' हवं, हा नियम १७७० च्या रॉबर्ट बेकर यांच्या पुस्तकापर्यंत मागे नेता येतो. तिथे तो नियम नाहीच, 'मला हे जास्त बरं वाटतं' एवढंच मत आहे. पुढच्या लोकांनी त्याचा कायदा केला.

'टु'नंतर शब्द नको, या नियमाचा १९व्या शतकातला एक मोठा पुरस्कर्ता म्हणजे कँटरबरीचे डीन हेन्री अल्फर्ड. त्यांनी १८६४ मध्ये शुद्ध इंग्रजीच्या बाजूने पुस्तक लिहिलं. त्याच सुमारास जॉर्ज वॉशिंग्टन मून नावाच्या लेखकाने डीनसाहेबांच्याच वाक्यांमधल्या चुका काढून त्यांच्यावर उलट पुस्तक लिहिलं. दुसऱ्याची भाषा तपासायला निघालेल्याची भाषा आधी तपासली जाते, ही रीत तेव्हापासूनची.

'वी' नको, या समजुतीचंही तेच. 'नेचर'च्या लेखकांसाठीच्या सूचना कर्तरी रचनेला, म्हणजे 'आम्ही प्रयोग केला' अशा वाक्याला पसंती देतात. वॉटसन आणि क्रिक यांच्या डीएनएवरच्या १९५३ च्या पेपरचा पहिलाच शब्द 'वी' आहे.

आणि नियम बदलतातही. एका व्यक्तीसाठी 'दे' वापरणं चूक असं आपण शिकलो. हा वापर इंग्रजीत १४व्या शतकापासून सापडतो, आणि २०१९ मध्ये एपीएच्या सातव्या आवृत्तीने तो अधिकृतपणे स्वीकारला.

पुरावा शोधायचा कसा?

भाषेचे मोठे संग्रह असतात, त्यांना कॉर्पस म्हणतात. ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये सुमारे १० कोटी शब्द आहेत. अमेरिकन इंग्रजीच्या 'कोका' कॉर्पसमध्ये १९९० ते २०१९ या काळातले १०० कोटींहून जास्त. शिवाय गूगल स्कॉलर किंवा पबमेडवर अवतरणचिन्हांत शब्दगट टाकून तुमच्याच विषयात लोक काय लिहितात ते बघता येतं.

पण नुसता आकडा बघून निकाल देऊ नका. समजा, 'डेटा इज' शोधलं. त्यात 'द क्वालिटी ऑफ द डेटा इज' अशी वाक्यंही येणार, आणि तिथे 'इज' हे क्वालिटीसाठी आहे, डेटासाठी नाही. म्हणजे हे फॉल्स पॉझिटिव्ह झाले. म्हणून निदान वीसेक वाक्यं उघडून वाचा, पर्यायी रूपही शोधा, आणि मग तुलना करा. प्रयोगशाळेत जी शिस्त पाळता तीच इथे पाळायची.

भांडायचंच असेल तर अर्थासाठी भांडा

तीन उदाहरणं बघा.

'द प्लांट्स विच वर इन्फेक्टेड वर रिमूव्ह्ड' म्हणजे फक्त रोगट झाडं काढली. 'विच'च्या आधी आणि 'इन्फेक्टेड'च्या नंतर स्वल्पविराम दिले, की अर्थ होतो: सगळीच झाडं रोगट होती आणि सगळीच काढली. दोन स्वल्पविरामांनी अख्खा प्रयोग बदलला.

'ओन्ली' हा शब्द. फक्त तापमान मोजलं, की तापमान फक्त रात्री मोजलं? तो चुकीच्या जागी पडला तर तुमचा प्रयोग पुन्हा करून बघणाऱ्याला नेमकं कळणार नाही.

'आफ्टर हीटिंग फॉर टेन मिनिट्स, द स्टुडंट रिमूव्ह्ड द सॅम्पल'. व्याकरणाप्रमाणे इथे दहा मिनिटं तापला तो विद्यार्थी! वाचणारा हसून पुढे जाईल, पण मेथड्सच्या भागात असं वाक्य नको.

अशा ठिकाणी जरूर अडवा. ही शुद्धतेची हौस नाही, इथे विज्ञानच अडकलेलं असतं.

आता सांगायची रीत

आपल्याकडे 'आनि', 'पानी' म्हणणाऱ्याला हसतात, तेव्हा त्याचं म्हणणं काय होतं हे कुणी ऐकत नाही. तो मुलगा नंतर वर्गात बोलायचाच थांबतो. इंग्रजीच्या बाबतीत तेच घडतं, फक्त यावेळी हसणारेही आपल्यासारखेच धडपडून इंग्रजी शिकलेले असतात. 'डिस्कस अबाउट' लिहिणाऱ्याच्या मागे मराठीतलं 'याबद्दल चर्चा' उभं असतं. जर्नलसाठी 'अबाउट' काढायला सांगा, पण कारणही सांगा, म्हणजे पुढच्या वेळी तो स्वतःच काढेल.

पेपर तपासणाऱ्यांसाठी 'कोप' या प्रकाशन-नीतीच्या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. लेखक परभाषेत लिहीत असेल तर भाषेविषयीचा अभिप्राय आदराने द्यावा, असं त्यातही सांगितलं आहे. मग शेजारच्या टेबलावरच्या मित्राला तरी वेगळा न्याय का?

मी पाळते तो क्रम असा: आधी विज्ञानावर बोलायचं. मग अर्थ बदलणारी वाक्यं दाखवायची. स्पेलिंग, आर्टिकल्स वगैरे ट्रॅक चेंजेसमध्ये मुकाट्याने दुरुस्त करायचं, सगळ्यांसमोर वाचून दाखवायचं नाही. आणि ऐकीव नियम असेल, तर बोलण्याआधी स्वतः शोधून बघायचं. "हे चूक आहे" ऐवजी "मी हे वाक्य असं वाचलं, तुला तेच म्हणायचंय का?" हे विचारलं की समोरचा बचावात जात नाही, उत्तर देतो.

आणि तुमच्याच लिखाणात कुणी चूक काढली तर? बरोबर असेल तर थँक्यू म्हणून बदला. पटत नसेल तर "कुठल्या सूचनेत आहे हे, सर?" असं सरळ विचारा. हा उद्धटपणा नाही. मात्र त्याच्या टिप्पणीतली स्पेलिंगची चूक दाखवून हिशोब चुकता करू नका. दुसऱ्याच्या चुका काढणाऱ्या मजकुरात स्वतःची एक चूक असतेच, याला १९९२ मध्ये जॉन बँग्संड या ऑस्ट्रेलियन संपादकाने गमतीने 'मर्फी'ज नव्हे, 'मफ्री'ज लॉ' असं नाव दिलं. 'मर्फीज लॉ' या नावातलीच अक्षरं मुद्दाम उलटसुलट करून!

पुढच्या ड्राफ्टच्या वेळी एवढं करून बघा: ज्या जर्नलला पाठवायचं आहे त्याच्या लेखकांसाठीच्या सूचना आधीच उघडून ठेवा. 'वॉज' की 'वर' निघालं की तिथे बघा, आणि लगेच कंट्रोलच्या प्रश्नाकडे या.