उभी गाडी, जागी बॅटरी

मे महिना सरला की गणपतीपुळ्याचा किनारा ओस पडतो आणि जयगडपासून रत्नागिरीच्या राजिवड्यापर्यंत कित्येक घरांपुढच्या मोटारी ताडपत्रीखाली जातात. सुट्टीवर आलेला मुलगा दुबईला, कुवेतला परततो. गाडी अब्बांच्या हवाली. पेट्रोलची होती तोवर "आठवड्यातून एकदा स्टार्ट करा" एवढे सांगितले की भागत असे. आता इलेक्ट्रिक गाड्या आल्या. इंजिनच नाही तर चालू काय करायचे, असे म्हणून ती पावसाळाभर तशीच राहते. मग एखाद्या रात्री कोणाला रुग्णालयात न्यायची वेळ येते आणि दारच उघडत नाही.

वास्तविक मोठी बॅटरी तेव्हाही भरलेलीच असते. २०२० साली आलेल्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ युनिटची होती. गाडी बंद केली की आतले स्विच तिला बाकीच्या गाडीपासून तोडतात, म्हणून महिन्याकाठी तिचे फारसे काही जात नाही. परंतु ते स्विच जोडायला, दाराचे कुलूप उघडायला, अलार्मला वीज लागते ती १२ व्होल्टच्या लहान बॅटरीची. तिच्यात जेमतेम अर्धा युनिट मावते. तीस युनिटच्या तिजोरीची किल्ली या अर्ध्या युनिटाकडे! मुलगा परदेशात बसून मोबाइलवर "चार्ज किती आहे" पाहतो, तेव्हाही अनेक गाड्या जाग्या होतात आणि ही लहान बॅटरी खर्ची पडते. माया खरी, पण दिवसातून दहा वेळा नको.

काही गाड्या उभ्या असताना मोठ्या बॅटरीतून लहानीला आपोआप भरतात, काही नाही. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत पाहावे. नसेल तर आठवड्यातून एकदा अर्धा तास 'रेडी'चा दिवा लावून गाडी उभी ठेवावी. धूर नाही, आवाज नाही. मात्र 'रेडी' न करता आत बसून नुसती नात ऐकली, तर उलट लहान बॅटरीच उतरते.

मोठ्या बॅटरीला उष्णता आणि काठोकाठ चार्ज एकत्र सोसत नाहीत. दीर्घकाळ ठेवताना साधारण निम्मा चार्ज बरा, जागा सावलीची. पार शून्यावर तर कधीच सोडू नये; त्याने कायमचे नुकसान होऊ शकते. मुलगा परतायच्या आधी एकदा पूर्ण भरावी, म्हणजे पेशी समतोल होतात आणि आकडाही खरा दिसतो.

आपल्याकडची आणखी एक अडचण म्हणजे जांभा. या खडकात अर्थिंग नीट लागत नाही आणि चार्जर चालायला नकार देतो. वायरमनकडून ते मे महिन्यातच तपासून घ्यावे. खाऱ्या हवेने लहान बॅटरीच्या टोकांवर पांढरी भुकटी धरते, तीही मेकॅनिककडून साफ करून घ्यावी. नारिंगी वायरींना मात्र घरातल्या कोणीही हात लावायचा नाही.

बहुतेक रिमोटमध्ये साधी लोखंडी चावी दडलेली असते. ती कुठे आहे आणि तिने दार कसे उघडते, हे मुलाने विमानतळाकडे निघण्यापूर्वी अम्मीच्या हातून एकदा करवून घ्यावे.