१४२८५७ : फळ्यावरील एक संख्या

एक लक्ष बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न ही संख्या पुष्कळ शिक्षकांच्या परिचयाची आहे. तिला २ ने गुणले असता २८५७१४, ३ ने गुणले असता ४२८५७१, आणि पुढे ६ पर्यंत अनुक्रमे ५७१४२८, ७१४२८५ व ८५७१४२ असे गुणाकार येतात. अंक तेच, त्यांचा क्रमही तोच. केवळ आरंभस्थान बदलते. ७ ने गुणताच मात्र ९९९९९९. वर्गात हे मांडले की मुले हरखून जातात आणि बहुधा तास तेथेच संपतो. माझ्या मते खरा पाठ तेथून सुरू व्हावयास हवा. चमत्कार म्हणून दाखविलेले गणित मूल चमत्कार म्हणूनच स्मरणात ठेवते. त्याचे कारण शोधण्याची त्यास गरज वाटत नाही.

कारण तर आपण नित्य शिकवितो त्या भागाकारातच आहे. १ ला ७ ने भागावयास घ्यावे. भाग जात नाही म्हणून शून्य जोडून १० करावे : भाग १, बाकी ३. मग ३० मध्ये भाग ४, बाकी २. २० मध्ये भाग २, बाकी ६. ६० मध्ये भाग ८, बाकी ४. ४० मध्ये भाग ५, बाकी ५. ५० मध्ये भाग ७, बाकी १. येथे आपण पुन्हा मूळ स्थानी आलो. यापुढे तेच सहा अंक अखंड येत राहणार. ७ ने भागताना शून्याखेरीज १ ते ६ एवढ्याच बाक्या संभवतात, आणि त्या सर्व येऊन गेल्या. आता २ ला ७ ने भागावे. म्हणजे त्याच वाटेवर, २ या बाकीपासून, पुढे निघावयाचे. भागाचे अंक २, ८, ५, ७, १, ४ असेच येणार. गुणाकाराचे सारे नवल ते हेच.

१४२ व ८५७ यांची बेरीज ९९९ होते, हेही मुलांकडून करवून घ्यावे. संख्येचा वर्ग २०४०८१२२४४९ आहे. त्याचे २०४०८ व १२२४४९ असे दोन भाग पाडून बेरीज केली असता मूळ संख्या परत मिळते. अशा संख्यांना नाशिकनजीक देवळालीच्या शाळेत शिक्षक असलेल्या द. रा. कापरेकर (१९०५-१९८६) यांचे नाव मिळाले आहे. शाळामास्तराचे नाव गणितात रूढ व्हावे, ही आपल्या व्यवसायबंधूंना अभिमानाची गोष्ट होय.

प्रत्येक भाजक ७ सारखा वागत नाही. १३ ने १ ला भागल्यास सहा बाक्यांतच फेरा पुरा होतो. उरलेल्या सहा बाक्यांचा फेरा निराळा. १७ ने भागल्यास मात्र सोळाही बाक्या एकाच फेऱ्यात येतात, आणि ०५८८२३५२९४११७६४७ हे सोळा अंक मिळतात. आरंभीचे शून्य निरर्थक समजून मुले ते गाळतील. तसे गाळू द्यावे, उरलेल्या संख्येस २ ने गुणावयास सांगावे, आणि फेरा कोठे मोडला हे त्यांनाच शोधू द्यावे.