मा ह्वांग: चिवट रेणूचे झुडूप

उत्तर चीनच्या कोरड्या माळांवर, विशेषतः इनर मंगोलियाच्या रेताड जमिनीत, जेमतेम गुडघ्याएवढे एक झुडूप वाढते. लांबून पाहिले तर कोणीतरी हिरव्या काड्यांची जुडी रोवून ठेवल्यासारखे वाटते. पाने आहेत, पण ती पेरांना चिकटलेल्या बारीक खवल्यांएवढीच. अन्न तयार करण्याचे काम खोडानेच अंगावर घेतले आहे. शास्त्रीय नाव एफेड्रा सिनिका, चिनी नाव मा ह्वांग. ही वनस्पती अनावृतबीजी, म्हणजे देवदार आणि पाइनच्या गोतातली. नामिब वाळवंटात दोनच पानांवर शेकडो वर्षे काढणारी वेल्वित्शिया ही तिची दूरची नातलग.

इसवी सन २०० च्या सुमारास चांग चोंगचिंग या वैद्याने 'शांगहान लुन' हा ज्वरचिकित्सेचा ग्रंथ लिहिला. त्यातला मा ह्वांगचा काढा चार जिनसांचा आहे: मा ह्वांगच्या काड्या, दालचिनीच्या कोवळ्या डहाळ्या, जर्दाळूच्या बियांतला गर आणि जेष्ठमध. थंडी भरून आली आहे, अंग ठणकते आहे, धाप लागली आहे आणि घाम मात्र फुटत नाही, अशा रोग्यासाठी तो सांगितला आहे. मा ह्वांग आधी एकटे उकळायचे, वर आलेला फेस काढून टाकायचा, मग बाकीच्या जिनसा घालायच्या. काढा पिऊन पांघरूण घ्यायचे आणि हलका घाम आला की पुरे; घामाच्या धारा लागता कामा नयेत. इतकी सावधगिरी पाहता या काड्यांची ताकद त्या वैद्यांनी चांगलीच ओळखली होती असे म्हणावे लागते. चिनी वैद्यक याच झाडाची मुळी घाम थांबवायला देते. पुढे जपानी संशोधकांना मुळीत रक्तदाब उतरवणारी वेगळीच अल्कलॉइडे सापडली. खोडातली अल्कलॉइडे रक्तदाब चढवतात!

ही खोडातली अल्कलॉइडे म्हणजे एफेड्रिन आणि त्याची भावंडे. त्यांतले सर्वांत ओळखीचे स्यूडोएफेड्रिन. त्यात अणू तेच आणि तितकेच, फक्त एका कार्बनभोवतीची मांडणी उलटी. तेवढ्याने ते सौम्य होते. नाक मोकळे करणाऱ्या सर्दीच्या गोळ्यांमध्ये ते अनेकांच्या पोटात गेलेले असते. एफेड्रिन १८८५ मध्ये जपानच्या नागाई नागायोशी यांनी वेगळे काढले. बर्लिनमध्ये रसायनशास्त्रज्ञ हॉफमान यांच्या हाताखाली शिकून ते मायदेशी परतले होते. मात्र सुरुवातीला डोळ्याची बाहुली विस्फारणारे द्रव्य एवढीच त्याची ख्याती झाली आणि पुढची जवळजवळ चाळीस वर्षे ते मागेच पडले.

त्याला पुन्हा उजेडात आणले चेन के-क्वेई आणि त्यांचे सहकारी कार्ल श्मिट यांनी. चेन अमेरिकेत शिकून १९२३ मध्ये पेकिंग युनियन मेडिकल कॉलेजात आले. कोणती चिनी औषधी तपासायची, हा प्रश्न त्यांनी वनौषधींचा व्यवसाय करणाऱ्या आपल्या मामांना विचारला. मामांनी मा ह्वांगचे नाव घेतले. भूल दिलेल्या कुत्र्याच्या शिरेत काढा सोडला, तर रक्तदाब चढला आणि बराच वेळ चढलेलाच राहिला. १९२४ मध्ये दोघांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. थोड्याच वर्षांत एफेड्रिन हे दम्याचे जगभर वापरले जाणारे औषध बनले.

डॉक्टर एवढे हरखले, त्याला कारण होते. ॲड्रेनालिन तेव्हा ठाऊक होते, श्वासनलिका मोकळी करण्यात ते वाकबगारही होते, पण गिळले तर वाया जाई आणि टोचले तरी काही मिनिटांत शरीर ते मोडून टाकी. एफेड्रिनचा रेणू त्याच घाटाचा आहे. मात्र ॲड्रेनालिनच्या कड्यावर असलेले दोन हायड्रॉक्सिल गट त्याला नाहीत आणि शेपटाकडे एक मिथाइल गट जास्त आहे. शरीरातली विकरे ज्या जागी घाव घालतात नेमक्या त्याच जागा अशा सुरक्षित झाल्या. म्हणून ते गोळीतून चालते, तासन्‌तास टिकते आणि मेंदूतही शिरते. ते स्वतः थोडे काम करते, पण मुख्यतः चेतातंतूंच्या टोकांशी साठलेले नॉरॲड्रेनालिन बाहेर काढते. मात्रा लागोपाठ दिल्या की साठा सरतो आणि औषध लागू पडेनासे होते.

पुढचा सगळा इतिहास या चिवटपणाचाच आहे. नागाईंनी १८९३ मध्ये एफेड्रिनपासून मेथॅम्फेटामाइन हे उत्तेजक तयार केले; दोन रेणूंत फरक एका ऑक्सिजन अणूचा. दुसऱ्या महायुद्धात जर्मन आणि जपानी सैनिकांना तेच जागे राहण्यासाठी दिले गेले. लॉस एंजेलिसमध्ये रसायनशास्त्रज्ञ गॉर्डन ॲलेस एफेड्रिनला स्वस्त पर्याय शोधत असताना १९२० च्या दशकाअखेरीस ॲम्फेटामाइनपाशी पोचले. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये १६ वर्षांच्या रिक डेमॉन्टने ४०० मीटर पोहण्यात मिळवलेले सुवर्णपदक काढून घेतले गेले, कारण त्याच्या दम्याच्या औषधात एफेड्रिन होते. ते औषध आपण घेतो हे त्याने आधीच लिहून दिले होते. संघाच्या अधिकाऱ्यांनी त्यासाठीची परवानगी मिळवली नव्हती. मोठ्यांच्या हलगर्जीची एवढी किंमत एका मुलाने मोजावी, हे आजही पटत नाही. १९९४ च्या फुटबॉल विश्वचषकातून मॅराडोनाला घरी पाठवले गेले तेही याच कुळातल्या द्रव्यांमुळे.

अमेरिकेत वजन उतरवण्याच्या गोळ्यांमधून एफेड्रा सर्रास विकला जाई. काढ्यातली चौकडी नाही, नाडी पाहणारा वैद्य नाही, वर कॉफीतले कॅफीन. २००३ मध्ये बेसबॉलपटू स्टीव्ह बेचलर उष्माघाताने गेला, त्यात या गोळ्यांचा हात होता. २००४ मध्ये एफेड्रिनयुक्त पूरक आहारावर तिथे बंदी आली. चीनमध्ये काळजी वेगळी होती. झुडपे बेसुमार उपटल्याने माळ उघडे पडून वाळू सरकू लागली, तेव्हा २००० मध्ये तिथल्या सरकारने जेष्ठमध आणि मा ह्वांग खणण्यावर निर्बंध घातले.

हिमालयात, लाहौल-स्पिती आणि लडाखकडे, मा ह्वांगची बहीण एफेड्रा जेरार्डियाना उगवते. आयुर्वेदाच्या बाजारात तिला सोमलता म्हणतात. वेदांतला सोम हाच, असा दावा बरेच जण करतात, पण वाद मिटलेला नाही. मुंबईच्या पारशी अग्यारींत मात्र इराणहून आलेल्या एफेड्राच्या काड्या 'होम' म्हणून यस्न विधीत आजही कुटल्या जातात. कारखान्यातल्या एफेड्रिनला तर झुडपाची गरजही उरलेली नाही; यीस्टच्या मदतीने ते बनवता येते आणि भारत त्याचा मोठा उत्पादक आहे. एप्रिल २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी सोलापूरजवळच्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीतून सुमारे १८ टन एफेड्रिन जप्त केले, तेव्हा हे नाव मराठी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर झळकले.

दम्यासाठी आता अधिक नेमकी औषधे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत एफेड्रिन आहे ते प्रसूतीसाठी: पाठीच्या कण्यात भूल दिल्यावर मातेचा रक्तदाब घसरतो, तो सावरायला. पण सिझेरियनच्या वेळी भूलतज्ज्ञ आता बहुधा आधी फिनिलेफ्रिनची सुई उचलतात. कारण एफेड्रिन वार ओलांडून बाळापर्यंत पोचते आणि त्याच्या रक्तातली आम्लता वाढवते.